दाडिमापासून डाळिंबापर्यंत

28 डिसेंबर 2020 रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून सुटली, ती पश्चिम बंगालमधल्या शालिमारला जायला. भाजीपाला, केळी, सीताफळे यांच्या जोडीने डाळिंबेही तिच्या मालात होती. माणदेशातल्या या कोरडवाहू तालुक्याने डाळिंबावर आपले दिवस पालटले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या फळाच्या नावाचा प्रवास मात्र फारसा कुणी पाहत नाही. सांगोल्यात ते डाळिंब. हिंदी मुलखात अनार. बंगालात पोचले की डालिम, आणि बाजारात बहुतेकदा बेदाना. गाडी सुटली तिथे आणि थांबली तिथे नाव जवळजवळ एकच, मधल्या पट्ट्यात निराळे. शिवाय बेदाना हे नाव ऐकून सोलापूर-सांगलीचा माणूस थबकणारच, कारण आपल्याकडे बेदाणा म्हणजे वाळवलेले द्राक्ष.

डाळिंब हा शब्द मुळात कोणत्या भाषेचा, तो मराठीत आला कसा, आणि आल्यावर त्याचे काय झाले, यावर शे-सव्वाशे वर्षांत विखुरलेले पुष्कळ लिहिले गेले आहे. कुणी त्याला संस्कृत धातूतून काढतो, कुणी कानडीतून, कुणी मुंडा भाषांतून, कुणी इराणातून. प्रत्येक मताच्या मागे काहीतरी आधार आहे, पण सगळे आधार सारखे भक्कम नाहीत. ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, की कोणते टिकते आणि कोणते गळते हे बरेच स्पष्ट होते.

आधी लेखी पुरावा. ऋग्वेदात दाडिम नाही. महाभारतात आहे, चरकात आणि सुश्रुतात आहे. दाडिमाष्टक चूर्ण वैद्याच्या कपाटात आजही असते. सगळ्यात बोलका उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यातला, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. शब्द सुटे सुटे कळतात पण त्यांचे वाक्य होत नाही, याचे उदाहरण देताना पतंजली दहा डाळिंबे, सहा अपूप, एक कुंड, बोकडाचे कातडे अशी नुसती यादी करतो. व्याकरणाचा धडा समजावताना गुरू रोजच्या ओळखीच्या वस्तू उचलतो. तेव्हा बावीसशे वर्षांपूर्वी हे फळ आणि हे नाव विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचे होते, असे धरायला हरकत नाही.

पुढे कोशकारांनी या फळाला आणखी नावे दिली. अमरकोशात करक आहे. इतरत्र रक्तबीज, दंतबीज, शुकवल्लभ अशी नावे भेटतात. शेवटची तिन्ही ऐकताच उलगडतात: लाल दाण्यांचे, दातांसारख्या दाण्यांचे, पोपटाला आवडणारे. दाडिम तसा उलगडत नाही. भाषेत एखाद्या वस्तूची चार नावे आरपार दिसणारी असतील आणि सगळ्यात जुने, सगळ्यात रुळलेले नाव मात्र बंद पेटीसारखे असेल, तर ते बाहेरून आले असावे अशी शंका घ्यायला जागा असते. त्यात त्याचे लेखन ठरलेले नाही. दाडिम, दालिम, डालिम, उत्तरकाळात दाडिंब. घरच्या शब्दाची इतकी रूपे सहसा होत नाहीत. परक्या उच्चाराला प्रत्येकाने आपापल्या कानाने पकडले की ती होतात.

संस्कृत परंपरेने अर्थातच त्याला धातू शोधून दिला. दल् म्हणजे फुटणे, चिरणे. पिकल्यावर जे उकलते ते दाडिम. ड आणि ल यांत भेद मानायचा नाही. हे खरे धरले तर आपली डाळ आणि आपले डाळिंब ही सख्खी भावंडे ठरतात, कारण डाळ हा शब्दही दळण्या-भरडण्याच्या, दोन दले होण्याच्या कल्पनेतून आलेला आहे. दिसायला हे मोहक आहे, आणि झाडावर उकललेले फळ पाहिलेल्या कुणालाही ते पटेल. अडचण अशी, की जुने रूप ड-चे आहे आणि ल-चे रूप त्यामागून येते. दल् पासून सुरुवात केली तर उलटे व्हायला हवे. अर्थ जुळतो म्हणून ध्वनी वाकवायचा, ही आपल्याकडच्या व्युत्पत्तीची जुनी खोड आहे. वि. का. राजवाडे यांच्यासारखा अफाट व्यासंगाचा माणूसही तिच्यातून पूर्ण सुटला नाही. त्यांनी मराठी शब्दांवर जे कष्ट उपसले त्यांना तोड नाही, पण त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती आज जशीच्या तशी घेता येत नाही.

नव्या पद्धतीने या शब्दाकडे पाहणे सुरू झाले ते विसाव्या शतकात. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर प्रबंध लिहिला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 1941 मध्ये मराठीत आणला. 1946 मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश आला. राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश 1962 पासून छापला जाऊ लागला. टर्नरनी दाडिमच्या नोंदीखाली हिंदुकुशापासून लंकेपर्यंतची रूपे एका ओळीत लावली, आणि त्या ओळीतून नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. चित्रालच्या खोवारमध्ये दाळुम. सिंधीत डाढूं, पंजाबीत दाडूं. कुमाऊँनी, नेपाळीत दाडिम-दारिम. गुजरातीत दाडम. बंगाली-असमियात डालिम. सिंहलीत देळुम. ओडियात डाळिंब. मराठीत दाळिंब आणि डाळिंब अशी दोन्ही रूपे कोशांत नोंदलेली आहेत. कोंकणीने दाळिंब राखले आहे.

मराठी रूपाचे बारकाईने पाहू, कारण खरी गोम तिथे आहे. शब्दात तीन बदल झाले. मधल्या ड चा ळ झाला. हे मराठीला अगदी साजेसे: गुड-गूळ, तडाग-तळे, षोडश-सोळा. पहिल्या द चा ड झाला. हेही नवीन नाही: दंश वरून डसणे, दोला वरून डोलणे, दोहद वरून डोहाळे. दोहदात तर ड आणि ळ दोन्ही डाळिंबासारखेच आले आहेत.

तिसरा बदल अडतो. शेवटच्या म चा ंब कसा झाला? मराठीत दोन स्वरांमधल्या एकट्या म चे काय होते हे आपल्याला चांगले माहीत आहे. ग्राम चे गाव, नाम चे नाव, सीमा ची शीव. या नियमाने दाडिम चे दाळीव किंवा त्यासारखे काहीतरी व्हायला हवे होते. सिंधी आणि पंजाबी रूपे नेमकी याच वाटेने गेली आहेत. त्यांच्यातला म विरघळून नुसता अनुनासिक उरला. मराठीने ही वाट घेतली नाही. आंबा आणि तांबे यांत ब येतो, पण तिथे मुळात आम्र, ताम्र असे जोडाक्षर होते. दाडिमात तसे काही नाही.

कानडीचा दावा इथे जोर धरतो. कानडीत दाळिंबे म्हणतात. सांगोल्याच्या दक्षिणेला जत, पूर्वेला मंगळवेढा आणि त्यापलीकडे अक्कलकोट. या पट्ट्यात मराठी आणि कानडी शेकडो वर्षे एकाच घरात, एकाच शेतात नांदतात. तेव्हा मराठीने हा ंब कानडीकडून घेतला, असे म्हणण्याचा मोह स्वाभाविक आहे. यापुढे जाऊन मूळ दाडिमच द्राविडी, असेही सांगितले जाते. विश्वनाथ खैरे यांनी 'द्रविड महाराष्ट्र' (1977) मधून मराठीच्या तळाशी असलेल्या द्राविडी थराकडे लक्ष वेधले, तेव्हापासून अशा दाव्यांना मराठीत आपुलकीने ऐकणारे वाचक मिळाले. ते लक्ष वेधणे गरजेचे होते. तरीही प्रत्येक शब्दाची तपासणी स्वतंत्र व्हायला हवी.

मूळ द्राविडी असण्याविरुद्धचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. या शब्दाचे घर द्राविडी असते तर तमिळमध्ये त्याचा नातलग सापडला असता. तमिळचे रोजचे नाव आहे मादुळै, मलयाळमचे मादळम्. हा शब्दच वेगळा. गंमत अशी, की याच शब्दाचे नाते संस्कृत मातुलुंगाशी जोडले जाते, आणि मातुलुंग म्हणजे आपले महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातले फळ हेच, आणि सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या गावाचे नावही महाळुंग. म्हणजे डाळिंबाच्या द्राविडी नावाचा भाऊबंद आपल्याकडे आहे, पण तो दुसऱ्याच फळाला चिकटला. कानडी दाळिंबे आणि तेलुगू दानिम्म ही रूपे दाडिमवरून तिकडे गेलेली दिसतात. तेलुगूत निम्म म्हणजे लिंबू. दानिम्मचा शेवट त्या शब्दाच्या सावलीत घडला असावा.

मग ंब पुरता कानडीचा हात मानावा का? मलाही काही काळ ते पटत होते, पण ओडियातले डाळिंब आडवे येते. ओडियाने मराठीतले तिन्ही बदल केले आहेत, ड, ळ आणि ंब, आणि ओडिया काही कानडीची शेजारी नाही. त्यापेक्षा असे मानणे सोपे पडते, की दख्खन आणि कलिंग यांच्या प्राकृतात कधीतरी दाळिंब असे रूप रुळले, निंब, लिंबू, जांब अशा फळाझाडांच्या नावांच्या संगतीत म पुढे ब आला, आणि तिथून ते मराठी, ओडिया, कोंकणी आणि कानडी या सर्वांना मिळाले. कानडी ही या पट्ट्यातली भागीदार, देणारी नव्हे.

मुंडा भाषांचा दावा याच ंब वर उभा आहे. सिल्व्हँ लेव्ही, ज्यां प्शिलुस्की यांनी 1920 च्या दशकात लांगल, तांबूल, कदंब, उदुंबर अशा शब्दांचा उगम आर्य आणि द्राविड यांच्याही आधीच्या भाषांत शोधला. प्रबोधचंद्र बागची यांनी 1929 मध्ये ते लेख कलकत्त्याहून इंग्रजीत प्रसिद्ध केले. पुढे कायपर यांनी 1948 मध्ये संस्कृतातल्या मुंडा शब्दांवर पुस्तक लिहिले. शेतीचे आणि झाडांचे शब्द आधीच्या रहिवाशांकडून येतात, हा त्यांचा मूळ विचार आजही मोलाचा आहे. पण डाळिंबाच्या शेवटी ंब आहे म्हणून त्याला कदंब-उदुंबराच्या पंगतीला बसवणे चूक होईल, कारण हा ंब उशिरा आलेला आहे. सगळ्यात जुने रूप म चे. समुद्रापार गेलेल्या नावांनीही तेच सांगितले आहे: मलय आणि इंडोनेशियात डेलिमा, त्यात ब चा मागमूस नाही. मलयमध्ये त्याच शब्दाने माणिकही ओळखले जाते. थायलंडमधले थाप्थिमही फळ आणि माणिक दोन्हींचे नाव आहे.

राहिला इराण. बर्टोल्ड लाउफर यांनी 'सायनो-इराणिका' (1919) या ग्रंथात जुन्या चिनी लेखनातले थू-लिन हे नाव दालिमच्या कुळातले मानून त्यामागे एखादी इराणी बोली असावी असा तर्क केला. फळ मूळचे इराण आणि त्याच्या आसपासच्या डोंगराळ मुलखातले, हे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतातच. तरी फारसीतला स्वतःचा शब्द अनार आहे, त्याचा दाडिमशी संबंध लागत नाही. लाउफरच्या तर्काचा मला पटणारा भाग वेगळा आहे. हिंदुकुशातल्या खोवार, कलाश यांसारख्या छोट्या बोलींनी हे नाव घट्ट धरून ठेवले आहे, आणि त्याच पर्वतरांगांत, पुढे हिमाचलापर्यंत, रानडाळिंब आजही उगवते. हिमाचलात त्याला दाडू म्हणतात. त्याचेच दाणे वाळवून दुकानात गेले की अनारदाणा होतात: झाडावर देशी नाव, तराजूत फारसी. माझा कल इकडे आहे. संस्कृत बोलणाऱ्यांना हे झाड वायव्येच्या डोंगरांत भेटले आणि तिथल्याच कुठल्या तरी भाषेतून नाव मिळाले. ती भाषा आज बोलली जात नसावी, तिच्यात लिहिलेले काही उरले नसावे.

फळाची नावे कशी फिरतात याचा चांगला पडताळा बाल्कनमध्ये मिळतो. सर्बो-क्रोएशियन भाषेत या एकाच फळाची तीन नावे आहेत. सर्बिया-बोस्नियात नार, जे तुर्कीतून आणि त्यामागे फारसीतून आले. उस्मानी राज्याबरोबर पोचले. दुब्रोवनिकच्या किनाऱ्याला मोग्रान्य, जे लॅटिन 'मालुम ग्रानाटुम', म्हणजे दाणेदार सफरचंद, याचे किनाऱ्यावरच्या रोमन वंशाच्या बोलीतून झिजलेले रूप. आणि क्रोएशियात शिपक, जे मुळात रानगुलाबाच्या फळाचे स्लाव नाव. आकारातल्या साम्यामुळे ते नव्या फळाला दिले गेले. बाल्कनमध्ये बाहेरून आलेल्या भाषांनीही या फळावर आपले नाव ठेवले. महाराष्ट्रात बहामनी आले, आदिलशाही आली, मोगल आले, कोकणपट्टीत पोर्तुगीज दीर्घकाळ राहिले. अनार आले, पोर्तुगीजांचे रोमां आले नाही, आणि अनारही मराठीत फळाचे मुख्य नाव होऊ शकले नाही. ते दिवाळीच्या दारूकामात राहिले.

हिंदी पट्ट्यात मात्र अनारने दाडिमला हटवले. खेड्यात, डोंगरात दाडिम टिकले, शहरात आणि बाजारात अनार. बंगालात बेदाना कसे आले? फारसीत बे म्हणजे शिवाय, दाना म्हणजे बी. बी नसलेले. मराठीने ते बिनबियांच्या वाळलेल्या द्राक्षाला दिले, ते अर्थाला धरून झाले. डाळिंब तर नुसते दाणेच. पण बेदाना या नावाची मऊ बियांची डाळिंबाची जात आहे, आणि बाहेरून येणाऱ्या उंची मालाच्या त्या नावाने सगळ्याच फळाचे नाव व्यापले असावे. बंगालात म्हणूनच अंगणातल्या झाडाला डालिम म्हणतात आणि विकतच्या फळाला बेदाना. पंढरपूर-तासगावचा बेदाणा आणि बंगालच्या बाजारात पोचलेले सांगोल्याचे डाळिंब असे एकाच शब्दाखाली येतात.

मराठी मुलखात या नावाची मुळे खोल आहेत, याची साक्ष गावांच्या नावांत आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर उमरगा तालुक्यात डाळिंब नावाचे गाव आहे. पुण्याकडे उरुळी कांचनजवळ डाळिंब आहे, तिथल्या विठ्ठलासाठी वारकरी जातात. स्वयंपाकघरातही शब्द वेगळ्या वाटेने पसरला. वाल भिजवून, मोड आणून, सोलले की त्या दाण्यांना डाळिंब्या म्हणतात, आणि त्यांची उसळ ती डाळिंबी उसळ. हे नाव फळाच्या दाण्यावरून आले की सोलून दोन डाळी होण्यावरून, याबद्दल दोन्ही मते मांडता येतात. मला दाण्याचे साम्य अधिक पटते, कारण नीट सोललेला वाल फुटत नाही, अखंड राहतो, आणि सुगरणीची परीक्षा त्यातच असते.

सांगोल्याच्या बागेत शिरले की भाषेचे थर एकावर एक रचलेले दिसतात. बाग फारसी, हंगाम फारसी, बहार म्हणजे फारसीतला वसंत. पण बहारांची नावे पाहा: मृग बहार, हस्त बहार, अंबे बहार. अर्धा भाग फारसी, अर्धा नक्षत्रांचा आणि आंब्याच्या मोहोराचा. बाग ताणावर सोडली, पानगळ केली, पाणी दिले, सेटिंग चांगले झाले: या एका वाक्यात संस्कृतातून आलेला ताण आणि इंग्रजीतून आलेले सेटिंग शेजारी बसतात, आणि शेतकऱ्याला त्यात काही खटकत नाही. जातींच्या नावांतही हा इतिहास आहे. फळसंशोधक चीमा यांनी 1936 मध्ये गणेशखिंडीच्या प्रयोगकेंद्रात आळंदी वाणातून निवडलेली जात पुढे गणेश म्हणून प्रसिद्ध झाली. नंतरच्या मृदुला आणि आरक्ता यांना संशोधकांनी संस्कृत नावे दिली. भगवा या जातीला बाजाराने शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र, रेड डायना अशी कितीतरी नावे चिकटवली. 2005 मध्ये सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले आणि 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. सरकारी दप्तरात हा शब्द आता कायमचा नोंदला गेला आहे.

शेतकऱ्याने स्वतः घडवलेल्या शब्दांचे तसे झालेले नाही. तेल्या हा शब्द घ्या. फळावर तेलकट डाग पडून ते तडकते, म्हणून तेल्या. कापसाच्या लाल्यासारखीच ही घडण, अगदी अस्सल मराठी. या शतकाच्या पहिल्या दशकात या रोगाने सोलापूर, नाशिकच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि शब्द घरोघर पोचला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1938 मध्ये पुरा झाला. त्यात हा अर्थ असण्याचे कारण नाही. त्यानंतर त्या तोडीचे काम झाले नाही, म्हणून मर, कुजवा, तेल्या, ताण हे बागेतले अर्थ कृषी खात्याच्या पुस्तिकांत सापडतात, शब्दकोशांत शोधावे लागतात. दाडिमचा उगम ज्या भाषेत होता तिचे शब्द कुणी टिपले नाहीत म्हणून आज आपण अंदाज बांधतो. हे शब्द टिपणे तर आपल्या हातात आहे.

मूळ प्रश्नातला एक भागही अजून सोडवता येण्यासारखा आहे. ंब कानडीचा की दख्खनी प्राकृताचा, याचा निकाल जुन्या मराठीत लागेल. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश 1999 मध्ये आला, त्याने वाट सोपी केली आहे. महानुभाव पोथ्या, यादवकालीन शिलालेख आणि ताम्रपट यांत बागांचे, देणग्यांचे उल्लेख भरपूर आहेत. त्यांत कुठे म किंवा व चे रूप आधी आणि ंब चे नंतर असा क्रम दिसला, तर मराठीने हा शेवट बाहेरून घेतला असे म्हणावे लागेल आणि कानडीचा दावा पुन्हा उभा राहील. पहिल्यापासून ंब च मिळाला, तर ओडिया आणि मराठी यांचे एकच जुने घर मानायला बळ येईल. त्याच्या जोडीने जत, मंगळवेढा, अक्कलकोटच्या गावांतून कानडी आणि मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची रूपे, द ची आणि ड ची, गाववार नोंदवून घ्यायला हवीत.